व्यवसायसंघाचा वकील

सदाशिव पेठेत जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या एखाद्या इमारतीत सकाळी इंटरनेट बंद पडले, म्हणजे घरातील किती व्यवहार एकदम अडतात याची कल्पना हल्ली कोणालाही सहज येते. मुलाचा अभ्यास, सुनेचे कचेरीचे काम, आजोबांच्या बँकेचा व्यवहार, परदेशी असलेल्या लेकीशी ठरलेले बोलणे, ही सारी फायबरच्या एका बारीक तंतूवर लोंबत असतात. अशा वेळी घरची मंडळी कंपनीच्या नावाने बोटे मोडतात; कंपनी रस्ता खोदणाऱ्या कंत्राटदाराकडे बोट दाखविते; आणि कंत्राटदार आपल्याजवळचा परवाना पुढे करतो. मग एखाद्या दिवशी वृत्तपत्रात निवेदन येते, की ‘या बाबतीत दूरसंचार उद्योगाचे म्हणणे असे आहे’. ते वाचून चौकस वाचकाला साहजिकच प्रश्न पडतो. हा ‘उद्योग’ म्हणजे नक्की कोण? त्याला वाचा कोठून फुटली? आणि त्याच्या वतीने जो बोलतो, तो माणूस नेमके काय काम करतो?

या प्रश्नाचे उत्तर व्यवसायसंघाच्या संपर्कसंचालकापाशी येऊन पोहोचते. एकाच धंद्यातील कंपन्या बाजारात एकमेकींच्या स्पर्धक असल्या, तरी काही प्रश्न त्या सर्वांना सारखेच भेडसावतात. कराचा बोजा, परवान्याच्या अटी, रस्ते खोदण्याची परवानगी, लोकांतील गैरसमज, ही त्यांची उदाहरणे होत. अशा समाईक प्रश्नांसाठी त्या एकत्र येऊन वर्गणी काढतात आणि संघ स्थापन करतात. मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्यांचा ‘सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशन ऑफ इंडिया’ हा संघ १९९५ साली निघाला. इंटरनेट पुरविणाऱ्यांचा ‘इंटरनेट सर्व्हिस प्रोव्हायडर्स असोसिएशन ऑफ इंडिया’ हा संघ १९९८ सालचा. मागाहून ‘ब्रॉडबँड इंडिया फोरम’ हीही संस्था पुढे आली. सरकार आणि नियामक प्राधिकरण ही दोन्ही दिल्लीत असल्यामुळे या संघांचे दरवाजेही दिल्लीतच उघडतात. परंतु त्यांच्या शब्दांचा परिणाम पुण्यातील गल्लीबोळांपर्यंत पोहोचतो. संघाची भूमिका शब्दांत मांडणे, ती सरकारपुढे, वृत्तपत्रांपुढे आणि जनतेपुढे ठेवणे, हे संपर्कसंचालकाचे काम.

हे काम वाटते तितके नवे नाही, आणि पुणेकरांना तर ते मुळीच परके नाही. पुण्यात १९३४ साली आ. रा. भट यांच्या पुढाकाराने मराठा चेंबर ऑफ कॉमर्स ही संस्था स्थापन झाली. भट हे उद्योगधंद्यांच्या संघटनेत जसे वावरत, तसेच वृत्तपत्रांच्या जगातही वावरत. स्वतंत्र भारतात १९५२ साली नेमलेल्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाचे ते सभासद होते. उद्योगाची बाजू मांडावयाची, तर लोकांच्या भाषेत बोलले पाहिजे, हे या संस्थेने जाणले होते, याची साक्ष तिचे ‘संपदा’ हे मराठी मासिक देते. त्याही आधी, १९२० साली, किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. कारखान्याचे आणि त्याच्या मालाचे वर्तमान देण्यासाठी निघालेले हे पत्रक पुढे साऱ्या महाराष्ट्राने घरी आणून वाचावे असे मासिक झाले. नांगर विकणारा माणूस केवळ नांगराचीच स्तुती करीत बसला, तर त्याचे कोणी ऐकत नाही. ऐकणाऱ्याच्या उपयोगाचे काही सांगितले, तरच तो थांबतो, हा धडा त्या मासिकाने घालून दिला.

तथापि, संपर्काच्या या धंद्याचे स्वरूप नीट कळण्यासाठी आणखी मागे गेले पाहिजे. जुन्या काळी दुसऱ्याच्या वतीने बोलणारे तीन प्रकारचे लोक असत. पहिला दवंडी पिटणारा. त्याने हुकूम जसाच्या तसा ओरडून सांगावा. त्याला प्रश्न विचारण्यात अर्थ नसे. दुसरा भाट. त्याने धन्याचे गुणगान करावे. त्यातील किती खरे मानावयाचे हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असे. तिसरा वकील. वकील म्हणजे येथे न्यायालयातील वकील नव्हे, तर एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला प्रतिनिधी. हैदराबादेस निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील म्हणून राहिलेले गोविंदराव काळे हे याचे ठळक उदाहरण होय. अशा वकिलाने परक्या दरबारी आपल्या धन्याची बाजू राखावयाची, हे अर्धे काम. उरलेले अर्धे काम म्हणजे, तेथे जे दिसले आणि ऐकले ते पुण्यास लिहून कळवावयाचे. गोड असो वा कडू. गोड तेवढेच लिहिणारा वकील दरबाराला घातकच. व्यवसायसंघाचा संपर्कसंचालक दवंडीवाला होऊ शकतो, भाटही होऊ शकतो. परंतु त्याची खरी जागा या तिसऱ्या माणसाची आहे.

त्याच्या रोजच्या कामाकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. पहिले काम शब्दांचे. ‘ब्रॉडबँड’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. पण किती वेगाच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणावयाचे? भारत सरकारच्या २००४ सालच्या धोरणात ही मर्यादा सेकंदाला किमान २५६ किलोबिट होती. २०१३ साली ती ५१२ किलोबिट झाली. आणि २०२३ साली २ मेगाबिट झाली. अमेरिकेतील नियामक आयोगाने हीच मर्यादा २०२४ साली, माहिती घेण्यासाठी १०० आणि पाठविण्यासाठी २० मेगाबिट अशी ठरविली. तेव्हा ‘देशात ब्रॉडबँडचे इतके कोटी ग्राहक आहेत’ असे वाक्य संघाच्या पत्रकात आले, तर ते खोटे नसूनही वाचकाची फसवणूक करू शकते. ऐकणाऱ्याच्या मनात वेगवान जोडणीचे चित्र उभे राहते आणि आकडा मात्र अगदी किमान वेगाच्या जोडण्याही मोजीत असतो. प्रामाणिक संपर्कसंचालक आकड्याबरोबर व्याख्या देतो. ती गाळण्याचा मोह रोजचाच असतो, आणि त्याच्या सचोटीची परीक्षाही तेथेच रोज होते.

दुसरे काम, संघ कोणाचा हे न विसरण्याचे. एका संघात मोठ्या कंपन्याही असतात आणि लहानही. त्यांचे हितसंबंध सर्वत्र जुळतातच असे नाही. संचालकाला सर्वांस मान्य होईल असा मसुदा करावा लागतो. त्यामुळे त्याचे पत्रक पुष्कळदा गुळमुळीत होते. परंतु ते ज्याच्या त्याच्या सहीचे असते. शिवाय ‘उद्योगाचे म्हणणे’ हे नेहमी एकच असते असेही नाही. ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील रेडिओलहरींचा वाद हे याचे उत्तम उदाहरण होय. मोबाइल कंपन्यांच्या संघाचे म्हणणे पडले, की या लहरी मोबाइल सेवेसाठी राखाव्यात. ब्रॉडबँड इंडिया फोरमचे म्हणणे उलट होते. घरोघरच्या वाय-फायसाठी परवान्यावाचून त्या वापरू द्याव्यात, असा त्याचा आग्रह होता. दोन्ही बाजू देशाच्या हिताचेच नाव घेत होत्या. येथे कोणी लबाड ठरत नाही. पण आपण ज्याचे म्हणणे ऐकतो आहोत त्याचे सभासद कोण, हे न विचारणारा वाचक मात्र गोंधळात पडतो.

तिसरे काम प्रसंगी जनतेशी सरळ बोलण्याचे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी आली आणि कचेऱ्या, शाळा, करमणूक ही सगळीच एकाच वेळी घरात शिरली. जाळ्यावरील भार एकाएकी वाढला. त्या वेळी मोबाइल कंपन्यांच्या संघाने चित्रपट आणि मालिका दाखविणाऱ्या कंपन्यांना चित्राची स्पष्टता काही काळ कमी करण्याची विनंती केली. त्या कंपन्यांनी २४ मार्च रोजी ती मान्य करून १४ एप्रिलपर्यंत मोबाइल जाळ्यावर ४८० ओळींपेक्षा अधिक स्पष्टतेचे चित्र न पाठविण्याचे ठरविले. चित्र थोडे अंधुक झाले, पण कामाच्या आणि औषधोपचाराच्या संदेशांना वाट मोकळी राहिली. येथे संघाने काय मागितले, का मागितले आणि किती दिवसांसाठी मागितले, हे सर्व उघड होते. म्हणून लोकांनीही ते सोसले.

त्याच साथीत पुढच्या वर्षी दुसरा प्रसंग आला. मे २०२१ मध्ये अफवा उठली, की फाइव्ह-जीच्या मनोऱ्यांमुळे करोना पसरतो. दूरसंचार विभागाने १० मे रोजी खुलासा केला, की या म्हणण्याला शास्त्रीय आधार नाही, आणि भारतात तर फाइव्ह-जीचे जाळे तोपर्यंत कोठेही सुरू झालेले नाही. मोबाइल कंपन्यांच्या संघानेही तेच सांगितले. फाइव्ह-जी सेवेचा प्रारंभ देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अफवेची निराधारता आपोआप उघडी पडते. भयभीत माणसाशी वाद घालून त्याचे भय जात नाही. त्याला पडताळता येईल असे एक साधे सत्य हाती द्यावे लागते. ‘जे जाळे अद्याप नाहीच, त्याने रोग कसा पसरेल?’ हे तसे सत्य होते. मात्र ते कोणाच्या तोंडून येते, यावर त्याचे वजन ठरते. आधी दहा वेळा अतिशयोक्ती केलेल्या तोंडून अकराव्या वेळी खरे बाहेर पडले, तरी ते फुकट जाते.

चौथे काम आतल्या बाजूचे, आणि तेच सर्वांत अवघड. पुण्यातील रस्त्यांचाच प्रश्न घ्या. फायबर टाकावयाचे तर रस्ता खोदावा लागतो. नागरिकांना खड्डे नकोत. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका खोदाई थांबविते. आणि कंपन्यांना मात्र काम लवकर हवे असते. केंद्र सरकारने २०१६ साली मार्गाधिकाराचे नियम केले. त्या नियमांनी प्रशासकीय शुल्काला दर किलोमीटरला कमाल १००० रुपये अशी मर्यादा घातली. नव्या दूरसंचार कायद्याखालील मार्गाधिकाराचे नियम १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आले. दुसरीकडे, असंघटित खोदाईमुळे जमिनीतील फायबरचे आणि इतर वाहिन्यांचे दर वर्षी सुमारे ३००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा सरकारचा अंदाज आहे. खोदण्यापूर्वी वाहिनीच्या मालकाला कळविता यावे म्हणून मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे साधन सुरू झाले.

यात संघाची तक्रार खरी आहे. परवानग्या उशिरा मिळाल्या, की ग्राहकाला जोडणी उशिरा मिळते. परंतु नागरिकाची तक्रारही तितकीच खरी आहे. खोदलेला रस्ता पूर्ववत न करता निघून जाणाऱ्याचा राग त्याने का करू नये? भाटवृत्तीचा संचालक फक्त महापालिकेविरुद्ध पत्रके काढील. वकीलवृत्तीचा संचालक पत्रक काढीलच. पण त्याच दिवशी आपल्या सभासदांना बंद दाराआड स्पष्ट सांगेल, की रस्ता नीट बुजविल्यावाचून आपल्या मागणीला शहरात कोणी मित्र मिळणार नाही. सभासदांच्या वर्गणीतून त्याचा पगार होतो; म्हणून हे सांगण्यास धैर्य लागते. आणि ते सांगितले गेले, तरी वर्तमानपत्रात कधी छापून येत नाही.

या अर्ध्या कामाचा विसर पडला म्हणजे काय होते, याचे उदाहरण सन २०१५ ते २०१७ या काळाने दिले. २७ मार्च २०१५ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, इंटरनेटवरील सेवांच्या नियमनाविषयी ११८ पानांची चर्चापत्रिका प्रसिद्ध केली. प्राधिकरणाने आपले काम पारदर्शकपणे करावे, असे १९९७ च्या त्याच्या कायद्यातच म्हटले आहे. म्हणून प्रश्न प्रसिद्ध करून लोकांची मते मागविली जातात. मुद्दा असा होता, की इंटरनेट पुरविणाऱ्याने सर्व मजकुराला समान वागणूक द्यावी, की काहींना वेगळा भाव व वेगळी वाट देण्याची त्यास मुभा असावी? मोबाइल कंपन्यांच्या संघाने ‘सबका इंटरनेट, सबका विकास’ अशा नावाची मोहीम काढली. समान सेवेला समान नियम असावेत, हा त्याचा मुद्दा विचारात घेण्यासारखा होता. पण दहा लाखांहून अधिक नागरिकांनी पत्रे पाठवून उलट मत नोंदविले. त्यांतील पुष्कळ पत्रे तयार नमुन्यावरून लिहिलेली होती, हे खरे. तथापि विचारलेल्या वीस प्रश्नांची उत्तरे त्या नमुन्यात होती.

डिसेंबर २०१५ मध्ये निरनिराळ्या मजकुराला निरनिराळा भाव लावण्याविषयी दुसरी चर्चापत्रिका निघाली. या वेळी ‘फ्री बेसिक्स’ या योजनेसाठी फेसबुक कंपनीने आपल्या वापरकर्त्यांकडून पत्रांचा पाऊस पाडला. एकंदर मते सुमारे २४ लाख आली. पण त्या योजनेला पाठिंबा देणाऱ्या ठरावीक पत्रांत प्राधिकरणाने विचारलेल्या चार प्रश्नांचे उत्तरच नव्हते, असा आक्षेप प्राधिकरणाने कंपनीस लेखी कळविला. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने भेदभावाच्या दरांवर बंदी घातली आणि ती मोडणाऱ्यास दिवसाला ५०,००० रुपये, कमाल ५० लाखांपर्यंत, दंड ठेवला. डोकी मोजून काम भागेल अशा समजुतीने मोहीम चालविली गेली. पण प्रश्न विचारणाराला उत्तर हवे होते, गर्दी नव्हे.

अमेरिकेतील प्रकार याहून गंभीर होता. तेथे २०१७ साली हाच प्रश्न निघाला तेव्हा नियामक आयोगाकडे २ कोटी २० लाखांहून अधिक मते आली. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी चौकशी करून मे २०२१ मध्ये अहवाल दिला, की त्यांपैकी सुमारे १ कोटी ८० लाख मते बनावट होती. ८५ लाखांहून अधिक बनावट मते ‘ब्रॉडबँड फॉर अमेरिका’ या संस्थेमार्फत ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशातून चाललेल्या मोहिमेतून आली होती. मते गोळा करण्याचे काम ज्यांना दिले, त्यांनी ज्या लोकांची नावे लिहिली, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. कंपन्यांना या बनावटीची प्रत्यक्ष माहिती होती असा पुरावा मिळाला नाही, हेही अहवालात नमूद आहे; आणि उलट बाजूनेही एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने ७७ लाख खोटी मते यंत्राच्या साहाय्याने पाठविली होती. परंतु ‘आम्हांस माहीत नव्हते’ हे उत्तर वकिलाला शोभत नाही. लाखो लोकांचे मत पैसे देऊन मागवावयाचे आणि ते लोक खरेच आहेत काय हे पाहावयाचे नाही, याचा अर्थ सत्य कळू नये अशी व्यवस्था करणे, असाच होतो. यात तोटा केवळ सरकारचा झाला नाही. ज्यांनी मनापासून चार ओळी लिहून पाठविल्या, त्या खऱ्या नागरिकांचा आवाज त्या बनावट गर्दीत बुडाला.

म्हणून व्यवसायसंघाचे निवेदन हाती आले असता सुशिक्षित कुटुंबाने तीन प्रश्न विचारावेत. हा संघ कोणाकोणाचा, आणि त्याचा खर्च कोण चालवितो? दिलेल्या आकड्याची व्याख्या आकड्याबरोबर दिली आहे काय? आणि या निवेदनात सभासदांना न आवडणारे असे एक तरी वाक्य आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधता येतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘होय’ असे क्वचितच येते. पण जेथे ते येते, तेथे बोलणारा माणूस भाट नसून वकील आहे, असे खुशाल समजावे.

पुण्यातील पुष्कळ तरुण-तरुणी आज संज्ञापनाचे शिक्षण घेऊन अशा नोकऱ्यांत शिरत आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांना हे काम म्हणजे नुसती गोड बोलण्याची कला वाटते. गोड बोलणे लागतेच. परक्या दरबारी कडवटपणाने काम होत नाही. पण त्या कलेची किंमत गोडव्यावर ठरत नाही. संध्याकाळी दिवा लावून धन्यास जे पत्र लिहावयाचे, त्यात काय लिहिले यावर ती ठरते. बाहेर जाणारे पत्रक सारे जग वाचते. आत जाणारे पत्र एकटा धनी वाचतो. दोहोंत एकच सत्य असले, म्हणजे त्या माणसाने आपले काम पुरे केले.